तक्रारपेटीची किल्ली माझ्याकडे

सोमवार, २ सप्टेंबर. दुपार, ग्रंथालय.

आजपासून रोजनिशी. कारण ऐतिहासिक आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी करणारा नवा कायदा कालपासून लागू झाला. त्याच कायद्यात आहे की प्रत्येक शाळेत एक इंटरनेट सुरक्षा अधिकारी पाहिजे. आमच्या शाळेत तो मान मोठ्या बाईंनी मला दिला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. म्हणाल्या, स्टाफमध्ये एकही तास नसलेले तुम्हीच. हे अर्थात गमतीने. खरं कारण अनुभव.

मी ग्रंथपाल असलो तरी अख्ख्या स्टाफमध्ये सर्वांत जास्त फॉलोअर्स माझे आहेत. चार हजार आठशे बारा. पेजचं नाव 'पिटुकली आणि तिचा बाबा'. पंधरा वर्षांपूर्वी लेक जन्मली त्याच दिवशी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या सुरू केलं. तेव्हापासून रोज तिचा एक फोटो. खंड फक्त दोनदा पडला. एकदा फोन पाण्यात पडला, एकदा मी.

ही वही ग्रंथालयाच्या कपाटात, कुलपात राहील. माणसाचं खासगी आयुष्य चव्हाट्यावर येणं हा आजचा सर्वांत मोठा प्रश्न आहे. माझं तरी मी येऊ देणार नाही.

मंगळवार, ३ सप्टेंबर

तक्रारपेटी तयार. पूर्वीच्या पुस्तकसूचीच्या कपाटाचा एक लाकडी खण होता, त्याला वरून फट पाडली. शिपाईमामांनी करवत चालवली, मी देखरेख केली. तक्रार हाताने लिहायची नाही, ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर टाइप करून छापायची आणि नाव न घालता पेटीत टाकायची. म्हणजे अक्षरावरून कोणी ओळखणार नाही. ही कल्पना पूर्णपणे माझी. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळेल आणि माझं उत्तर त्या क्रमांकाखाली फळ्यावर लागेल. किल्ली माझ्याकडे, घराच्या किल्लीच्याच जुडग्यात.

पी.टी.चे सर (मुलं त्यांना शिट्टी सर म्हणतात, आम्हीही) येऊन विचारून गेले की अधिकाऱ्यावर लक्ष कोण ठेवणार. मत्सर. दुसरं काही नाही.

संध्याकाळी चहाला घरी सगळं सांगितलं. पिटूने (पेजवर पिटुकली, घरी पिटू, नववीत, उंचीने आईच्या पुढे गेलेली) बऱ्याच दिवसांनी माझ्या कामात रस घेतला. तक्रार कोणाविरुद्धही करता येते का? म्हटलं, कोणाहीविरुद्ध. मोठ्या माणसाविरुद्धसुद्धा? म्हटलं, अगदी मोठ्या बाईंविरुद्धसुद्धा. कारवाई होईल? म्हटलं, माझा शब्द आहे. ती हसली. मी फोन उचलेपर्यंत हसू संपलं. तसाही लाइट बरोबर नव्हता.

गुरुवार, ५ सप्टेंबर. सकाळ.

किरकोळ तांत्रिक अडचण. फोटोंच्या ॲपकडून मेसेज: हे खाते सोळा वर्षांखालील व्यक्तीचे असल्याचे दिसते, एकवीस दिवसांत वयाचा पुरावा न दिल्यास बंद होईल.

झालंय असं, की पेज काढताना जन्मतारखेच्या रकान्यात मी त्या दिवशीची तारीख टाकली होती. पिटूची. बाप म्हणून माझाही जन्म त्याच दिवशी झाला, ही त्यामागची भावना. मशीनला भावना कळत नाही. त्याच्या हिशेबाने मी पंधरा वर्षांचा आहे. कायदा उत्तमच आहे, पण तो मुलांसाठी आहे. सेल्फी काढून अपील पाठवलं. शाळेत बोलायची गरज नाही.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

पेटी उघडली. आत एक चॉकलेटचा कागद. गुन्हे थांबलेले दिसतात. आठवड्याच्या आत एवढा परिणाम होईल असं मलाही वाटलं नव्हतं.

सोमवार, ९ सप्टेंबर

तक्रार क्रमांक एक! शब्दशः उतरवून घेतो, पुढेमागे अहवालाला लागेल.

'एक मोठं माणूस मला न विचारता माझे फोटो नेटवर टाकतं. लहानपणचे पण टाकतं, अगदी टबात बसलेले. मी नको म्हणते तर ते हसतं आणि टाकतं. वर्गातल्या मुलांनी त्या फोटोंचे स्टिकर बनवलेत. मी वर्गात आले की सगळ्यांचे फोन वाजतात आणि सगळे हसतात.'

तळपायाची आग मस्तकात गेली. 'म्हणते', 'आले' यावरून तक्रार मुलीची आहे हे मी लगेच ताडलं. माणूस जवळचा असणार, बहुधा एखादा मामा किंवा काका. अशी माणसं मनाला येईल ते करतात आणि वर त्याला प्रेम म्हणतात. उत्तर लगेच लावलं:

'प्रिय क्रमांक एक, तू एकटी नाहीस. चूक तुझी नाही. त्या व्यक्तीला स्पष्ट शब्दांत तीनदा सांग. ऐकलं नाही तर परत माझ्याकडे ये. मी ऐकतो आहे. — सुरक्षा अधिकारी.'

दोनदा वाचलं. डोळे ओलावले. चांगलं लिहितो मी.

फळ्याचा फोटो पेजवर टाकला. सोबत बालपणाची निरागसता दाखवणारं काहीतरी हवं होतं, म्हणून पिटूचा तीन वर्षांची असतानाचा, टबात डोक्यावर मग घेऊन बसलेला फोटो पुन्हा टाकला. आमचा टबाचा फोटो म्हणजे अगदी वेगळा विषय. तो क्लासिक आहे. तीनशे चाळीस लाइक.

बुधवार, ११ सप्टेंबर

पिटूचं काहीतरी बिनसलंय. सकाळी टोस्टला लोणी लावताना म्हणाली, बाबा, माझे फोटो टाकत जाऊ नकोस. बरं म्हटलं. बूट घालताना परत तेच. जिन्यात परत तेच, आणि या वेळी माझ्याकडे बघून, बोटांवर मोजून. हिला, म्हणजे पिटूच्या आईला, म्हटलं, पोरगी एकच वाक्य तीन-तीनदा बोलायला लागली आहे, वयात येताना असं होतं, आपल्याकडे किशोरांच्या मानसशास्त्राचं एक पुस्तक आहे ते आणतो. ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. ही चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, तिला तशी सवय आहे.

आनंदाची बातमी: आंतरशालेय वादविवाद स्पर्धेसाठी शाळेतून एकट्या पिटूची निवड झाली. विषय आमचाच, नवा कायदा! गेली दोन वर्षं ती या निवडीसाठी धडपडत होती, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. सराव शिट्टी सर घेतायत. कॉलेजात ते म्हणे वक्ते होते. विश्वास बसत नाही, पण पिटूचा दिसतो.

तिने बातमी दिली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते नीट सांगता येणार नाही, कारण मी कॅमेरा उघडत होतो.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

पिटू आतल्या खोलीत दार लावून, आरशासमोर भाषणाचा सराव करते. आत येऊ देत नाही. पण बिजागरीपाशी बोटभर फट आहे. सात मिनिटांचा अप्रतिम व्हिडिओ मिळाला. काय हातवारे, काय आवाज! बोलली काय ते मुद्देसूद ऐकता आलं नाही. फटीतून फोकस सारखा हलत होता, सगळं लक्ष तिकडे.

टाकला. लाजाळू मुलांना प्रोत्साहन लागतं.

शनिवार, १४ सप्टेंबर

नऊ हजार व्ह्यूज! पेजच्या इतिहासातला उच्चांक. पिटूला सांगायला गेलो तर तिने चादर डोक्यावर ओढून घेतली. सकाळचे अकरा वाजले होते. कौतुक झेपत नाही, आमच्या घराण्यातच आहे ते.

सोमवार, १६ सप्टेंबर

तक्रार क्रमांक दोन. तीच मुलगी.

'तीनदा सांगितलं. बरं म्हणतं आणि विसरतं. आता दाराच्या फटीतून चोरून माझा व्हिडिओ काढला. दुसऱ्या शाळेच्या मुलांनी तो पाहिला. आता त्यांना माझं सगळं माहीत आहे, आणि ते माझी नक्कल करतात. मी ज्यासाठी दोन वर्षं थांबले होते त्यातून नाव काढून घेतलं. कुणाला सांगू?'

दाराच्या फटीतून! हा सरळसरळ गुन्हेगार आहे. अशा माणसाच्या हातात फोन देतं कोण?

दुपारी स्टाफरूममध्ये कळलं की पिटूने स्पर्धेतून नाव मागे घेतलंय. मला आधी सांगितलं नाही. मन खट्टू झालं. एक क्षण डोक्यात काहीतरी चमकून गेलं, पण तेवढ्यात सहावीची मुलं पुस्तकं बदलायला आली आणि ते राहून गेलं. मुलांचा धीरच सुटत चाललाय, हे निरीक्षण मात्र अहवालात घालण्यासारखं आहे.

उत्तर लावलं: 'प्रिय क्रमांक दोन, मला सांग. आता गय नाही. शुक्रवारी अकरा वाजता मोठ्या बाईंच्या ऑफिसात सुनावणी होईल. ज्याच्यावर तुझा विश्वास आहे असं एक मोठं माणूस सोबत आण. त्या व्यक्तीला मी स्वतः समोर उभं करीन आणि एक-एक फोटो तिच्याच हाताने पुसायला लावीन, तुझ्यादेखत. हा माझा शब्द आहे.' 'गय नाही' खाली दोन रेघा मारल्या.

मंगळवार, १७ सप्टेंबर

तपास. सर्व खुणा एका माणसाकडे बोट दाखवतात.

शिट्टी सर. फोन सतत हातात. मुलं धावत असताना त्यांचे व्हिडिओ काढतात, म्हणे स्टार्ट सुधारण्यासाठी. त्यांच्या खेळाच्या सामानाच्या खोलीचं दार नीट लागत नाही, फट आहे. मी स्वतः मोजली, अर्धा इंच. 'दुसऱ्या शाळेची मुलं' म्हणजे सामने. आणि 'दोन वर्षं थांबले होते' म्हणजे कबड्डीच्या संघात निवड. सगळं जुळतं.

तेच पिटूलाही सराव देत होते. अंगावर काटा आला. बरं झालं तिने नाव काढलं.

बुधवार, १८ सप्टेंबर

ग्रंथालयाच्या खिडकीतून, पडद्याआडून संशयिताचे अकरा फोटो घेतले. त्याला न कळता, पण पुराव्याला इलाज नसतो. सातव्या फोटोत त्याने वर बघून हात हलवला. मुरलेले लोक असेच हात हलवतात.

ॲपचा निरोप: सेल्फीवरून वय ठरत नाही, चेहरा डावीकडे-उजवीकडे वळवून व्हिडिओ पाठवा. यात एक सुखद बाजू आहे. मशीनला माझं वय ठरवता येत नाहीये! मासिकांच्या रॅकसमोर उभं राहून चेहरा फिरवला. पाचवीच्या दोन मुली पुस्तक मागायला आल्या होत्या, त्या तशाच परत गेल्या.

घरी आल्यावर पिटूला विचारलं की शिट्टी सर कधी विचित्र वागतात का. म्हणाली, नाही, ते विचारून मगच व्हिडिओ काढतात आणि नको म्हटलं तर काढत नाहीत. बिचारी. किती सहज फसतात ही मुलं.

गुरुवार, १९ सप्टेंबर

सुनावणीच्या आदल्या दिवशी वातावरण तापवायचं ठरवलं. पोस्टर केलं. मजकूर: 'माझा चेहरा, माझा हक्क!' अक्षरं लाल, दुरून वाचता येतील अशी. खाली कुठल्या तरी मुलाचा चेहरा हवा होता. परक्या मुलाचा वापरणं कायद्याने चूक, म्हणून घरचाच घेतला. भूमितीच्या पुस्तकावर डोकं ठेवून, तोंड उघडं टाकून झोपलेली पिटू, गेल्या महिन्यातली. लाळेचा एक थेंब आहे, पण त्यामुळेच तो जिवंत वाटतो. बारा प्रती. फाटकापासून जिन्यापर्यंत.

प्रतिसाद जबरदस्त. मुलं फाटकात थांबून थांबून बघत होती.

साडेदहाला हिचा दुकानातून फोन. पिटू फाटकातूनच घरी परत गेली, पोटात दुखतंय म्हणते. आणि मग म्हणाली, जा आणि तुझं पोस्टर नीट बघ. म्हटलं, बघितलंय, प्रूफ मीच वाचलं, एकही चूक नाही. फोन ठेवला तिने. गिऱ्हाईक आलं असणार.

घरी गेल्यावर पिटूला पोटासाठी ओवा देऊ का विचारलं. म्हणाली, उद्या शाळेत येणार आहे. बरं वाटलं. शेवटी माझीच मुलगी.

शुक्रवार, २० सप्टेंबर. सकाळ, नऊ पन्नास.

आज निकाल. इस्त्रीचा शर्ट घातला. फाइल तयार: तक्रार क्रमांक एक आणि दोन, माझी उत्तरं, संशयिताचे अकरा फोटो, दाराच्या फटीचं माप. मोठ्या बाईंच्या ऑफिसात चार खुर्च्या मांडल्या आणि टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला, आरोपीसाठी. आरोपीला मी अजून बोलावलेलं नाही. आयत्या वेळी शिपाईमामांना पाठवून मैदानावरून आणवायचं, म्हणजे पळायला वेळ मिळणार नाही.

शुक्रवार, २० सप्टेंबर. दुपार.

अकराला दार उघडलं आणि शिट्टी सर आपणहून आत आले. मी म्हटलं, आरोपी स्वतः हजर झाला हे बरं झालं. ते दार धरून उभे राहिले. त्यांच्यामागून पिटू आली.

मी तिला विचारलं, डबा विसरलीस का.

ती म्हणाली, मी क्रमांक एक. आणि दोन.

पाण्याचा ग्लास मी प्यायलो.

त्याच दिवशी, साडेतीन वाजता.

मघाशी लिहिता येईना. आता सगळं लिहितो.

मोठ्या बाईंनी दोन्ही तक्रारी मोठ्याने वाचल्या आणि मग माझी उत्तरं वाचली. माझीच वाक्यं. 'चूक तुझी नाही.' 'आता गय नाही.' दोन रेघांमुळे त्यांनी तिथे आवाजही चढवला. शिट्टी सर विश्वासातलं मोठं माणूस म्हणून आले होते. माझी फाइल मी मांडीखाली घेऊन बसलो होतो.

मी म्हणालो की हा गैरसमज आहे, मी फोटो टाकत नाही, आठवणी जपतो. पिटूने विचारलं, कुणाच्या? मी म्हणालो की दाराची फट ती बिजागरीची, मुद्दाम पाडलेली नाही. मी म्हणालो की नऊ हजार लोकांना आवडलं. मग माझी वाक्यं संपली.

पिटू रडली नाही. रडली असती तर सोपं गेलं असतं. बाईंनी तिला विचारलं की घरी सांगायचं सोडून पेटीत का टाकलंस. ती म्हणाली, घरी सांगितलं होतं, बाबा ऐकत नाही. पण फळ्यावरचा अधिकारी चांगला आहे. तो 'मी ऐकतो आहे' असं लिहितो. मी रोज सकाळी जाऊन वाचायचे. तोच माणूस आहे हे माहीत होतं मला, तरी वाटायचं की त्याला लिहिलं तर तो बाबाला सांगेल.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. बाई म्हणाल्या, बघा, महत्त्वाचं असेल. ॲपचा मेसेज होता: अभिनंदन, आपण प्रौढ असल्याचे सिद्ध झाले आहे, आपले खाते कायम ठेवण्यात येत आहे.

पोस्टरं मी स्वतः उतरवली. बाराव्याला चिकटपट्टी फार लागली होती, नखांनी खरवडावी लागली.

रविवार, २२ सप्टेंबर

खातंच एका बटणाने बंद करतो म्हटलं. पिटू म्हणाली, फळ्यावर एक-एक फोटो लिहिलंय, माझ्यादेखत. शब्द म्हणजे शब्द. पाच हजारांवर फोटो आहेत. नाश्त्यानंतर डायनिंग टेबलावर बसलो, ती शेजारी खुर्ची ओढून बसली. मी पुसायचा, तिने बघायचा.

टबाचा गेला. दोनदा टाकला होता, दोनदा पुसला. पुढचे दात पडल्यावर रडतानाचा गेला. शाळेच्या पहिल्या दिवशीचा आला तेव्हा म्हटलं, हा राहू दे ना, यात तू किती गोड दिसतेस. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. हिच्याकडून उचललंय ते. गेला. मधूनच एका फोटोला ती खूप हसली, आजीच्या चष्म्यात तिचे डोळे बटाट्याएवढे दिसत होते. मी आशेने थांबलो. हसून झाल्यावर म्हणाली, पूस.

ही चहा ठेवून जाताना म्हणाली की पंधरा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही दोघं इतका वेळ एकत्र बसलात. मोजायला गेलो तर खरं निघालं.

संध्याकाळपर्यंत सहा वर्षांची पिटू पुसून झाली. आणखी नऊ वर्षं आहेत. बोट दुखतंय. तक्रार करणार नाही. (करायची तर पेटीची किल्ली आता शिट्टी सरांकडे आहे.)

त्यांची माफीही मागितली, परवाच. अकरा फोटो दाखवून पुसले. एक ठेवा म्हणाले, डोक्यामागचं टक्कल कधी बघितलं नव्हतं. मोठा माणूस आहे.

गुरुवार, २६ सप्टेंबर

पुसून संपलं. एकच फोटो राहिलाय, पिटूच्या परवानगीने. ती चार वर्षांची असताना बागेत घेतलेला, पण कॅमेऱ्यावर माझा अंगठा आला होता आणि दुसरं काहीच दिसत नाही. ती म्हणाली, हा तुझा आहे, ठेव.

फॉलोअर्स चार हजार आठशे पाच. पाच हजार फोटो गेले आणि माणसं गेली सात. आज अंगठ्याखाली एका बाईंनी लिहिलंय, किती गोड, अगदी बाबावर गेली आहे.

त्याच्याकडे बराच वेळ बघत बसलो. मग ॲपच फोनवरून काढून टाकलं. चहानंतर बोट तीनदा त्या जागी जाऊन आलं. तिथे आता हवामान आहे. हवा कोरडी राहील.

शनिवार, २८ सप्टेंबर. संध्याकाळ.

वादविवाद स्पर्धा. शिट्टी सरांनी पिटूचं नाव काढलंच नव्हतं, अर्ज खिशात ठेवून दिला होता. जुने मुद्दे समोरच्यांनी पाठ करून आणले होते, आणि पिटूने सगळे मुद्दे नवे केले होते. समोरची मुलं बराच वेळ तिने न मांडलेल्या गोष्टी खोडत बसली. म्हणजे एका अर्थी त्या व्हिडिओचा उपयोगच झाला. हे मी घरी बोललो नाही. प्रगती आहे.

मला यायची परवानगी एका अटीवर: फोन घरी. तिसऱ्या रांगेत बसलो. हातांचं काय करायचं ते कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग घडी घातली, मग त्यांच्यावर बसलो.

आणि ऐकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती म्हणाली की कायदा चांगलाच आहे, पण तो मुलांचं वय विचारतो आणि मोठ्यांना काहीच विचारत नाही. आमच्या चेहऱ्यांची खाती आमच्या आधी उघडतात. आम्हाला बोलता येण्याआधी आमच्यावर हसून झालेलं असतं. तिने माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तरी चाललं असतं. ती मुद्दा सांगताना डावा हात पुढे करते. पाच हजार फोटोंत हे मला कधी दिसलं नव्हतं.

दुसरा नंबर आला. बाहेर आल्यावर विचारलं तिने, कसं झालं. मी म्हटलं, खूप छान. ती म्हणाली, लोक कमेंटमध्ये लिहितात तसं नको, नीट सांग. मग म्हटलं, मध्येच तू थांबलीस, आवंढा गिळलास, मला वाटलं संपलं सगळं. माझेच हात गार पडले. मग तू सावकाश पुढचं वाक्य बोललीस, आणि हॉलमध्ये कोणी हललं नाही. ती म्हणाली, तुला दिसलं ते? म्हटलं, दिसलं.

घरापर्यंत चालत आलो. तिने ट्रॉफी मला धरायला दिली.

सोमवार, ३० सप्टेंबर. दुपार, ग्रंथालय.

कायद्याप्रमाणे प्रत्येक तक्रारीचा फॉर्म महिनाअखेरीस बंद करून मोठ्या बाईंकडे द्यायचा असतो. फॉर्म मीच बनवला होता. शेवटचा रकाना: 'तक्रारदाराचे समाधान झाले का? हो / नाही.' काल पिटूकडे दिला. म्हटलं, जे असेल ते लिही, मनावर दडपण घेऊ नकोस. मनात 'हो' धरूनच चाललो होतो. बोट अजून दुखतं माझं.

आज सकाळी डब्याखाली फॉर्म मिळाला. 'हो' खोडलंय. 'नाही' पण खोडलंय. शेजारी निळ्या पेनाने लिहिलंय: बघू.

बाईंना विचारलं, असा फॉर्म चालेल का. म्हणाल्या, दोनच पर्याय छापलेत तुम्ही, तिसरा मला कुठे नोंदवता येईल?

मग पट्टी घेतली आणि सगळ्या कोऱ्या फॉर्मवर हाताने आणखी एक रकाना आखायला बसलो. चाळीस झाले. अजून साठ आहेत.